स्मरणिकेत नसलेले वाचनालय

गावच्या वाचनालयाला शंभर किंवा दीडशे वर्षे झाली की स्मरणिका निघते. अशा तीन स्मरणिकांच्या संपादनात मी स्वतः होतो, तेव्हा पुढे जी तक्रार करणार आहे तिच्यातला निम्मा वाटा माझाच. साचा ठरलेला असतो. आधी आर्ट पेपरवर मंत्र्यांचे शुभसंदेश. मग संस्थापकांचे धुरकट छायाचित्र, अध्यक्ष-कार्यवाहांची नामावली, कोण कोण थोर मंडळी येऊन गेली त्यांचे अभिप्राय, कोनशिलेचा फोटो, रकमेच्या उतरत्या क्रमाने देणगीदारांची यादी आणि उरलेल्या पानांवर पतसंस्थांच्या व सराफांच्या जाहिराती. मध्ये कुठेतरी ‘वाचनालयाचा इतिहास’ हा चार पानी लेख. तो मागच्या स्मरणिकेवरून उतरवलेला, आणि तिथला तिच्याही मागच्या स्मरणिकेवरून. एवढ्या जाडजूड ऐवजात पुस्तक घरी नेऊन वाचणारा माणूस मात्र कुठे भेटत नाही.

तो भेटतो देवघेव नोंदवहीत, म्हणजे कोणी कोणते पुस्तक कधी नेले आणि कधी परत केले ते टिपणाऱ्या वहीत. आणि जुन्या देवघेव वह्या बहुतेक ठिकाणी रद्दीवाल्याने नेलेल्या असतात. जे वाचनालय सरकारी अनुदान घेते, त्याला ही वही रद्दीत घालायची मुभा नसावी, एवढेच माझे म्हणणे आहे. मागणी किरकोळ वाटेल. पण वाचनालये कशासाठी आहेत, ती कोणाची आहेत आणि त्यांना पैसे कशाच्या हिशेबाने द्यायचे, या तिन्ही प्रश्नांचे धागे याच वहीत येऊन अडकतात.

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी स्मरणिकेच्या कामासाठी गेलो होतो. कार्यवाहांनी मोठ्या उत्साहाने अभिप्राय वही पुढे ठेवली. ती मखमली कापडात गुंडाळून कुलपात होती. तिच्यात साहित्यिकांनी, कलेक्टरांनी, एका राज्यपालांनी ‘संस्थेचे कार्य पाहून समाधान वाटले’ असे लिहिलेले होते. मी देवघेव वह्यांबद्दल विचारल्यावर ते गोंधळले. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “माडीवर आहेत थोड्या. पण त्यात काय आहे सर? नुसते आकडे आहेत.”

माडीवर चौदा बस्ते होते. वरचे दोन कसरीने चाळण केलेले, बाकीचे धड. त्यातली १९५३ सालची एक वही मी तीन दिवस वाचत बसलो. लाल कापडी पाठ, आत शाईने आखलेले रकाने : तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, घेणाऱ्याची सही, परत आल्याची तारीख. सभासद क्रमांक ८७ या बाई होत्या. त्यांचे नाव सभासद नोंदवहीत ‘सौ.’ लावून आणि नवऱ्याच्या नावासकट होते. पण सहीच्या रकान्यात त्यांची सही नाही. तिथे ‘ह. बाळ’ असे लिहिलेले. ‘ह.’ म्हणजे हस्ते. बाई वाचनालयात येत नसत, मुलाला पाठवत. आणि दर दोन-तीन दिवसांनी पाठवत. घरातली सगळी कामे उरकून ही बाई तीन दिवसांत एक पुस्तक संपवत होती, आणि त्या गावात एवढ्या वेगाने वाचणारे दुसरे कोणीही त्या वहीत मला सापडले नाही, पहिल्या पाच क्रमांकांचे वकीलसाहेबसुद्धा नाहीत. बाळची सही सुरुवातीला पाटीवर काढल्यासारखी मोठाली आणि तिरपी आहे. वही संपायला येते तोवर ती लहान होते, ओळीवर बसते. मग पुढच्या वहीत, एका आषाढात, ८७ च्या पुढे पहिल्यांदा बाईंची स्वतःची सही आहे. त्या दिवशी बाळ आजारी होता, की बाईंनीच चपला घातल्या, हे वही सांगत नाही.

दाखल क्रमांक घेऊन मी दाखल नोंदवही, म्हणजे वाचनालयात आलेल्या पुस्तकांची क्रमवार यादी, काढली आणि बाई काय वाचत होत्या ते पाहिले. रहस्यकथा. ओळीने रहस्यकथा, मध्येच एखादे प्रवासवर्णन, श्रावणात पोथी, पुन्हा रहस्यकथा. त्याच काळातल्या वार्षिक अहवालात चिटणीसांनी खेद व्यक्त केला आहे की ‘सभासदांचा ओढा हलक्याफुलक्या वाङ्मयाकडे असून गंभीर ग्रंथांस मागणी नाही’. हा खेद महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या वाचनालयाचा अहवाल उघडला की भेटतो. कोणत्याही दशकातला उघडा. मला त्या चिटणीसांची गंमत वाटते, कारण त्यांची वाचनालये चालली ती याच हलक्याफुलक्या वाचकांच्या वर्गणीवर.

आता थोडे मागे जाऊ. आपल्याकडची वाचनालये जुनी आहेत याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, म्हणजे ‘दर्पण’च्या पहिल्या अंकाच्या चार वर्षे आधीचे. अहमदनगरचे १८३८, नाशिकचे १८४०, पुण्याचे १८४८, कल्याणचे १८६४. पण ‘दर्पण’च्या आधी वाचनालय निघाले, याचा दुसरा अर्थ असा की ते निघाले तेव्हा मराठीत वर्तमानपत्रच नव्हते आणि छापील पुस्तकेही अगदी मोजकी. मग तिथे कोण बसत होते आणि काय वाचत होते? त्या काळातल्या बऱ्याच संस्थांचे पहिले नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. नावातच सगळे आले. गोऱ्या अधिकाऱ्यांचे प्रोत्साहन, इंग्रजी शिकलेले कारकून, मुन्सफ, मास्तर, सरदार घराण्यातले एखाद-दोघे. फक्त मराठी पुस्तकांसाठी ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रंथसंग्रहालय उभे केले ते १८९३ मध्ये. रत्नागिरीनंतर पासष्ट वर्षांनी. मधल्या काळात नावेही बदलत गेली. ‘नेटिव्ह’ जाऊन ‘नगर’ आले, ‘जनरल’ जाऊन ‘सार्वजनिक’ आले.

हा ‘सार्वजनिक’ शब्द मला नेहमी अडखळायला लावतो. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत असा तो ठराव. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामागे हाच ठराव होता. त्याची यादी वाचा : पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने. वाचनालय त्यात नाही. माझा अंदाज असा की कोणी मुद्दाम वगळले नसावे. वाचनालय वर्गणीवर चालणारे, सभासदांचे, म्हणजे जवळजवळ खासगी क्लब, असेच तेव्हा सगळ्यांनी धरले असावे. पाटीवर सार्वजनिक आणि व्यवहारात सभासदांपुरते.

मग आपल्या गावच्या वाचनालयात पहिला दलित सभासद कधी झाला? पहिली मुसलमान सभासद बाई कधी? बलुतेदारांच्या घरातला पहिला वाचक कोण? स्मरणिकांत याचे उत्तर मिळत नाही. उलट ‘आमच्या संस्थेने जातपात कधीच मानली नाही’ असे एक वाक्य हमखास असते, आणि ते लिहिणाऱ्याने सभासद नोंदवही उघडून पाहिलेली नसते. कदाचित उघडली तर अभिमान वाटण्यासारखेच काही निघेल. काही गावांत निघेलच. पण वही असेल तर. नाहीतर ‘आम्ही कधीच मानली नाही’ आणि ‘तुम्ही आम्हाला कधीच आत घेतले नाही’ ही दोन वाक्ये एकमेकांसमोर उभी राहतात आणि निवाडा करायला कागद नसतो.

आता पैशांकडे येतो. महाराष्ट्रात आज शासनमान्य वाचनालये अकरा-बारा हजार आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, अनुदानाचे नियम १९७० चे. अ, ब, क, ड असे वर्ग. वर्ग ठरतो तो पुस्तके किती, सभासद किती, वर्तमानपत्रे आणि नियतकालिके किती, वाचनालय किती तास उघडे, यांवरून. तपासणीला अधिकारी येतो तो हे मोजतो. इंग्रजांच्या काळात जिल्ह्या-जिल्ह्याची गॅझेटिअरे निघाली, त्यांतही गावच्या लायब्ररीबद्दल अशाच दोन-चार ओळी असत : सभासद इतके, पुस्तके इतकी, वर्तमानपत्रे इतकी. दीडशे वर्षांत मोजमापाचे प्रकार बदललेले नाहीत. २०१२ साली महसूल खात्याला घेऊन राज्यभरातल्या वाचनालयांची पडताळणी झाली, कारण कागदावरच असलेली वाचनालये फार झाली होती. तेव्हाही मुख्यतः मोजले ते हेच.

पुस्तक कपाटात आहे की नाही हे तपासणीत कळते. ते कपाटातून कधी बाहेर गेले होते का, हे फक्त देवघेव वहीत कळते. त्यामुळे या वहीचा खोटेपणाही लवकर उघडा पडतो. दाखल नोंदवही एका बैठकीत भरता येते. एकाच पेनाने, एकाच हाताने पाचशे पुस्तके चढवता येतात, आणि तशी चढवलेली मी पाहिली आहेत. पण वर्षभराची देवघेव, वेगवेगळ्या सह्या, उशिरा आलेली पुस्तके, पानाच्या कडेला ‘पान ४० ते ४४ फाटले, समज दिली’ असली टिपणे, हे सगळे बनवायचे म्हणजे कादंबरीकार लागेल. ज्यांना बोगस वाचनालये पकडायची होती त्यांनी इथून सुरुवात करायला हवी होती.

पण आजची वहीसुद्धा खोटे बोलते, ते वेगळ्या कारणाने. कोणत्याही तालुक्याच्या वाचनालयात दुपारी जा. देवघेवीच्या खिडकीशी कोणी नसते आणि मागची अभ्यासिका खच्चून भरलेली असते. स्पर्धा परीक्षांची मुले-मुली सकाळी सातला येतात, स्वतःची पुस्तके, स्वतःची पाण्याची बाटली, चार्जरसाठी भांडणे. ते वाचनालयाचे एकही पुस्तक घरी नेत नाहीत, म्हणून वहीत त्यांचे नाव नाही. वहीवरून पाहिले तर वाचनालय मेल्यात जमा आहे, आणि प्रत्यक्षात तिथे खुर्ची मिळत नाही. पन्नास वर्षांनी कोणी आजचा इतिहास लिहायला बसेल तेव्हा ही सगळी पिढी त्याला दिसणारच नाही. अभ्यासिकेची साधी हजेरी वही, नाव-गाव-आल्याची वेळ-गेल्याची वेळ, एवढी ठेवली आणि जपली तरी पुरे. बऱ्याच ठिकाणी ती असते, पण ती फीच्या हिशेबासाठी असते, आणि वर्ष संपले की फेकली जाते.

हे कागद मुळात कोणाचे, हाही प्रश्न आहेच. तमिळनाडूत १९४८ च्या मद्रास कायद्यापासून मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे. तिथला घरपट्टी भरणारा माणूस आपल्या वाचनालयाचा भागीदार असतो, मग तो कधी आत पाऊल टाको न टाको. आपल्या कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला होता, देशात सर्वांत आधी. पण १९६७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने उपकर घेतला नाही. आपल्याकडची वाचनालये विश्वस्त संस्था राहिल्या आणि सरकार मदतनीस राहिले. याचे फायदे आहेत, गावाला ‘आपले’ वाटते, पदाधिकारी पदरमोड करून संस्था जगवतात. तोटा असा की वाचनालयातला प्रत्येक कागद कार्यकारी मंडळाच्या मर्जीवर. सरकारी कचेरीतली फाइल फेकायची तर निदान २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आडवा येतो. वाचनालयाच्या माडीवरचा बस्ता फेकायला दिवाळीची साफसफाई पुरते.

यावर दोन आक्षेप मला ऐकवले गेले. पहिला म्हणजे वाचकाने काय वाचले हा त्याचा खासगी मामला आहे. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच ८७ क्रमांकाच्या बाईंचे नाव मी इथे लिहिलेले नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या वह्या अभ्यासकांना क्रमांकानिशी पाहू द्याव्यात, अलीकडच्या बंद ठेवाव्यात. गुप्तता राखायला वही जाळावी लागत नाही. शिवाय संगणकावर गेलेल्या देवघेवीत आज कोण काय वाचतो ते एका क्लिकवर दिसते. गुप्ततेची एवढी काळजी असेल तर तिथून सुरुवात करू.

दुसरा आक्षेप जड आहे. तो त्या ग्रंथपाल बाईंचाच होता. दहा वर्षे अनुदान जिथल्या तिथे राहिले. २०२२ मध्ये साठ टक्के वाढ झाली, तरीही तेव्हा ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाचे पन्नास हजारही मिळत नव्हते. त्यातच पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि ग्रंथपालाचा पगार. “सर, मला जे मिळते त्यात माझा मोबाइल आणि येण्याजाण्याचा खर्च भागतो,” बाई म्हणाल्या. “आणि तुम्ही म्हणता १९५३ ची वही जपा.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. जी बाई संध्याकाळी कुलूप लावून घरी शिवणकामाला बसते, तिच्याकडून वाळवी-कसरीशी लढायची अपेक्षा ठेवणे निलाजरेपणाचे आहे. ग्रंथपालांच्या वेतनश्रेणीची मागणी माझ्या या मागणीच्या कितीतरी आधी यायला हवी, यात वाद नाही. तरीही एक गोष्ट सांगतो. वही जपायला पैसे लागतात, पण ती न फेकायला लागत नाहीत. त्या वाचनालयाने स्मरणिकेच्या आर्ट पेपरवर जेवढा खर्च केला, तेवढ्यात चौदाही बस्ते स्कॅन झाले असते, आणि वर बाईंना दोन महिन्यांचे मानधन देता आले असते. कागद निवडण्याचे काम मीच केले होते, म्हणून हिशेब पक्का माहीत आहे.

पुस्तकांबद्दल आपण हळवे असतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पूर आला आणि १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरले, तेव्हा भिजलेल्या पुस्तकांची छायाचित्रे पाहून महाराष्ट्र हळहळला. ते योग्यच होते. पण पुस्तक, अगदी दुर्मीळ पुस्तकसुद्धा, कुठेतरी दुसऱ्या वाचनालयात, कुणाच्या तरी घरात असण्याची शक्यता असते. ते देणगीत येते. देवघेव वहीची दुसरी प्रत जगात नसते. आणि नदीकाठच्या गावांत अशा वह्या तळमजल्याच्या सर्वांत खालच्या फळीवर असतात, कारण वरच्या फळ्या पुस्तकांना लागतात.

त्यामुळे १९७० च्या अनुदान नियमांत एका कलमाची भर हवी. दाखल, सभासद, देवघेव आणि इतिवृत्त या चार नोंदवह्या कोणत्याही वाचनालयाने जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून नष्ट करू नयेत. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वह्या ज्यांना सांभाळता येत नाहीत, त्यांनी त्या जिल्हा ग्रंथालयाकडे द्याव्यात, पोच घेऊन. पुस्तके निर्लेखित करायची, म्हणजे संग्रहातून काढून टाकायची झाली तर आपल्याकडे याद्या होतात, ठराव होतात, मंजुऱ्या घ्याव्या लागतात. फाटक्या कादंबरीला जो मान आहे तो वहीला द्या, इतकेच. यात कोणाचा उद्घाटन-सोहळा नाही, म्हणून ते होणे अवघड आहे हे मला कळते. महाबळेश्वरजवळच्या भिलारला २०१७ मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ झाले, घराघरांत पुस्तके ठेवली गेली. मी जाऊन आलो, छान आहे. पण आपल्या सरकारला आणि आपल्यालाही नवे काही सुरू करायला जितके आवडते, तितके जुन्या माडीवर चढायला आवडत नाही.

स्मरणिका निघाली. ८७ क्रमांकाच्या बाईंवर मी दीड पान लिहिले होते, नाव न घेता. जागेअभावी त्याची सहा ओळींची चौकट झाली, पान ११२, पतसंस्थेच्या जाहिरातीच्या वर. प्रकाशनाला पालकमंत्री येणार होते, ते आले नाहीत. त्यानंतर महिन्याभरात कार्यवाहांचा फोन आला. माडीवर अभ्यासिका वाढवायची आहे, वीस टेबले येताहेत, तुम्हाला त्या वह्यांची एवढी आवड आहे तर रविवारपर्यंत घेऊन जा, नाहीतर सोमवारी माणूस येणार आहे. मी टेम्पो केला. पोच कोणी मागितली नाही, मी दिली तर हसले. चौदा बस्ते आता माझ्या गॅलरीत प्लास्टिकखाली आहेत. एका गावाची सार्वजनिक मालमत्ता, जिच्यावर माझा काडीचा हक्क नाही, ती माझ्या वॉशिंग मशीनच्या शेजारी पडून आहे. तीन ठिकाणी विचारून झाले, घ्यायला कोणी तयार नाही, आणि गॅलरीचा पत्रा पश्चिमेकडून गळतो.